एक लाख अडतीस हजारांचा सेंच्युरियन

ताई, सप्रेम नमस्कार.

मी भांडुपला राहतो, वय 43. बाबा 76 वर्षांचे आहेत. ते लष्कराच्या ईएमई या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत व्हेइकल मेकॅनिक होते आणि नोकरीतली बरीच वर्षं नगरला गेली. सेंच्युरियन रणगाड्याचं इंजिन त्यांनी किती वेळा उतरवलं आणि चढवलं याला गणती नाही. आजही विषय निघाला की जेवण गार होतं.

रेडिओ कंट्रोलवर चालणारा, एकास सोळा मापाचा, म्हणजे खऱ्याच्या सोळाव्या भागाएवढा, सेंच्युरियनचा जोडायचा किट नव्याने बाजारात आला आहे. दादरच्या एका दुकानात त्याचे 1,38,000 रुपये सांगतात. रविवारपर्यंत 40,000 भरले तर पहिल्या खेपेतला मिळेल, नाहीतर कधी मिळेल सांगता येत नाही, असं ते म्हणाले. परदेशातल्या दुकानात तोच किट आपल्या रुपयांत 62,000 ला दिसतो. म्हणजे इथला दुकानदार दुपटीहून जास्त लावतोय का? कुरियरने थेट मागवू का? माझा मेहुणा सिंगापूरला असतो, दिवाळीत घरी येतो.

मुलगी दहावीला आहे. तिच्या क्लासचा 35,000 चा दुसरा हप्ता ऑक्टोबरात भरायचा आहे. माझी आणि बायकोची दोघांच्या नावावर आरडी आहे, ती मोडली तर पैसे उभे राहतात. बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. बाबांना बारीक दिसत नाही, उजवा हात थरथरतो. उशीर करू नये असं आतून वाटतं. खेळण्यावर एवढा पैसा घालणं चूक आहे का?

— एक वाचक, भांडुप

नमस्कार.

तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत, पण मी अडकले ते ‘उशीर करू नये’ या वाक्यावर. म्हणून आधी तेवढ्याचं उत्तर देते. करू नका उशीर. बाबांबरोबर या महिन्यातच कामाला बसा. मात्र त्यासाठी रविवारी 40,000 भरायची गरज नाही आणि आरडीला तर हातही लावू नका. या दोन गोष्टी तुमच्या मनात एकमेकींत गुंतल्या आहेत, त्या सोडवून दाखवते.

दुकानदारापासून सुरुवात करते, कारण त्याच्यावर तुमचा उगाच राग दिसतो. भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 साली 20 टक्क्यांवरून 60 टक्के झालं आणि 2023 च्या अर्थसंकल्पात 70 टक्के. आपला रणगाडा त्यात कसा, तो तर मोठ्या माणसांचा छंद, असं तुम्ही म्हणाल. पण कस्टमच्या यादीत खेळण्यांच्या त्याच 9503 शीर्षकाखाली लहान आकाराच्या प्रतिकृतीही येतात, चालणाऱ्या असोत वा नसोत. त्यामुळे तुमचा सेंच्युरियन आणि पोराची बाहुली कस्टमच्या दृष्टीने एकाच घरातली. त्यावर इलेक्ट्रॉनिक खेळण्यांचा 18 टक्के जीएसटी, आणि तो नुसत्या मालावर नाही, माल अधिक शुल्क अशा बेरजेवर.

आता तुमचाच आकडा घेऊन कागदावर मांडू. किट 62,000. एवढा मोठा आणि जड डबा विमानाने यायचा, त्याचं भाडं आणि विमा मिळून 9,000 धरू. झाले 71,000. त्याचे 70 टक्के 49,700, बेरीज 1,20,700. त्यावर 18 टक्के जीएसटी 21,726. एकूण 1,42,426. म्हणजे दुकानदार सांगतोय त्याहून चार हजार जास्त! त्याला किट घाऊक भावात मिळतो, खेप एकत्र येते, म्हणून तो 1,38,000 मध्ये देऊ शकतो आणि त्यात त्याचं भाडं, नोकराचा पगार आणि थोडा नफाही निघतो. त्याचा भाव वाजवी आहे. तुम्हाला तो झेपतो का, हा वेगळा प्रश्न.

कुरियरने मागवायचा विचार सोडा. हे अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी मी बाहेरून एक धातूचा गिअरबॉक्स आणि ट्रान्समीटर मागवला होता. पार्सल मुंबईत उतरलं आणि तिथेच अडकलं. बिनतारी उपकरण आहे, त्याच्या मंजुरीचा कागद कुठे आहे? खेळणं असेल तर आयएसआयचं चिन्ह कुठे आहे? 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ते चिन्ह 2021 पासून सक्तीचं आहे, आणि आपली वस्तू त्या वयाच्या मुलांसाठी नाही हे पटवून देणं आपल्यावर येतं. फोन आणि ईमेल करण्यात तीन आठवडे गेले. तोवर कुरियर कंपनीने गोदामाचं भाडं आणि हाताळणीचा आकार असा लावला की गिअरबॉक्स किटच्या भावात पडला. बाबांसाठी घेतलेली वस्तू गोदामात पडून राहिली तर तुमचा जीव किती टांगणीला लागेल ते मला कळतं.

मेहुणा मात्र तुमच्या हातात आहे आणि त्याच्याकडे तुम्ही पत्रात एका ओळीत पाहून पुढे गेलात. प्रवाशाने स्वतःच्या सामानातून आणलेल्या वस्तूला ते 70 टक्के लागत नाहीत. बॅगेजची शुल्कमुक्त मर्यादा असते आणि शुल्क बसतं ते तिच्या वरच्या रकमेवर, तेही बॅगेजच्या दराने. 2016 च्या नियमांत मोठ्या माणसाला ही मर्यादा 50,000 रुपये होती. मर्यादा आणि दर दोन्ही बदलत असतात, म्हणून त्याने निघायच्या आठवड्यात कस्टमच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहावा. खरेदीची पावती खिशात ठेवावी आणि मर्यादेच्या वर जात असेल तर सरळ रेड चॅनेलला जाऊन जाहीर करावं. लपवाछपवी अजिबात नको. जाहीर करूनसुद्धा तो किट तुम्हाला दादरच्या भावाच्या जवळपास निम्म्यात पडेल. डब्याची लांबी-रुंदी आणि वजन त्याला आत्ताच कळवा, कारण त्याची एक अख्खी बॅग त्यात जाईल. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या त्याला आणायला सांगू नका. त्या चेक-इन सामानात चालत नाहीत, आणि इथे लॅमिंग्टन रोडवर बॅटरी आणि चार्जर आरामात मिळतात.

‘पहिली खेप गेली तर परत कधी’ ही भीती दुकानात गेलं की मलाही वाटते. पण रणगाड्याचा नवा किट एका खेपेपुरता कोणी काढत नाही. त्याचे पोलादी साचे बनवण्यातच कंपनीचा मोठा पैसा गुंततो, तो वसूल व्हायला त्या साच्यातून वर्षानुवर्षं माल काढावा लागतो. जपानमधल्या शिझुओकाच्या तामिया कंपनीने रेडिओवर चालणारा एकास सोळाचा शर्मन रणगाडा 1974 साली आणला. तेच माप आजही या छंदात चालतं आणि गाजलेले रणगाडे मधूनमधून पुन्हा निघतात. पहिल्याच खेपेत घेणाऱ्याला उलट एक तोटा असतो. सुटे भाग अजून बाजारात आलेले नसतात आणि गिअरचा कुठला दात लवकर झिजतो, कुठली वायर चिमटते हे कोणालाच ठाऊक नसतं. दिवाळीपर्यंत ते ज्यांनी आधी बांधला त्यांना कळलेलं असेल.

डब्यावरच्या किमतीत सगळं येत नाही, हेही आत्ताच सांगते. अशा किटमध्ये बहुतेक वेळा ट्रान्समीटर, बॅटरी आणि चार्जर वेगळे घ्यावे लागतात. रंग, प्रायमर, गोंद, बारीक पकड, चांगले स्क्रू ड्रायव्हर वेगळे. माझ्या अंदाजाने आणखी 15 ते 20 हजार. हे तुमच्या हिशोबात कुठेच नव्हतं.

आता ज्या कारणासाठी मला हे उत्तर लिहावंसं वाटलं तिथे येते.

या छंदात नव्या माणसाला मी एकच सांगत आले: लहान आणि स्वस्तापासून सुरुवात करा, एकास पस्तीसचा साधा किट घ्या, हात बसू द्या. तुम्हाला ते सांगणार नाही, आणि त्यामागे माझे सासरे आहेत. ते लालबागच्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर घरात नुसते बसून असायचे. मी त्यांच्यापुढे एकास पस्तीसचा शर्मन ठेवला. स्वस्त होता, म्हटलं चुकला तरी हरकत नाही. त्याच्या ट्रॅकची, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्याची, एकेक कडी अर्ध्या नखाएवढी. त्यांनी चिमट्यात कडी धरली, ती सुटून फरशीवर गेली. दुसरी धरली, तीही गेली. तिसऱ्या वेळी त्यांनी चिमटा टेबलावर नीट आडवा ठेवला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘माझं आता झालं गं.’ चाळीस वर्षं मशीन उघडलेल्या माणसाला ते मी म्हणायला लावलं. त्यानंतर दोन महिने ते त्या टेबलाकडे फिरकले नाहीत.

पुढे एकास सोळाच्या रणगाड्याचा बिघडलेला गिअरबॉक्स मी दुरुस्तीला उघडला होता. त्यांनी दारातूनच पाहिलं, जवळ आले, बोटाने दात चाचपले आणि म्हणाले, ‘यात कचरा गेलाय, आणि ग्रीस चुकीचं आहे.’ दोन्ही बरोबर होतं. तो गिअरबॉक्स त्यांनी धुतला, पुसला, भरला. हात थरथरत होता, पण स्क्रू पकडायला आणि पाना फिरवायला तेवढा हात पुरतो. चाकं हाताने ओळखता येतात. दिसायला कमी पडलं तिथे ते बोटांनी पाहत.

म्हणून तुमच्या बाबांसाठी मोठं मापच योग्य आहे. सेंच्युरियन एकास सोळात तोफेसह सुमारे 60 सेंटिमीटर लांब आणि 21 सेंटिमीटर रुंद होतो. त्याचं चाक कटिंग चहाच्या ग्लासच्या तोंडाएवढं, साधारण पाच सेंटिमीटरचं. एका बाजूला सहा चाकं, दोन-दोनच्या जोडीने तीन बोगींवर बसवलेली, ती होर्स्टमन सस्पेन्शनची रचना. हे मी तुम्हाला सांगते आहे, बाबांना सांगायची गरज नाही. मिटिअर इंजिन म्हणजे विमानाच्या मर्लिन इंजिनाचा जमिनीवरचा भाऊ, 650 अश्वशक्तीचा, आणि ते पन्नासहून अधिक टनांचं धूड ओढताना पेट्रोल कसं पीत असे, हेसुद्धा त्यांच्याकडूनच ऐका. आणि ते बोलतील तेव्हा फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

तर हा खर्च खेळण्यावरचा आहे असं मी मानत नाही, आणि चूकही म्हणत नाही. चूक झालीच तर ती आरडी गुपचूप मोडण्यात होईल. डबा घरात आला की लपणार नाही. बिल सापडेल, आणि मग बाबा बोगी जुळवत असताना स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येतील. बाबांना ते लगेच कळेल. ज्या माणसाला आनंद द्यायचा त्यालाच आपण ओझं झालो असं वाटायला लागेल. बायकोला आज रात्री सगळे आकडे सांगा, 15-20 हजारांच्या वरखर्चासकट. क्लासचा हप्ता आधी बाजूला काढा, तो तिच्यासमोर काढा. मग दिवाळीपर्यंत दर महिन्याला किती उरतं ते दोघांनी ठरवा. मेहुण्याचा मार्ग धरला तर रक्कम अशी आहे की दोघांच्या मिळून चार-पाच महिन्यांच्या बचतीत आणि थोड्या दिवाळी बोनसमध्ये बसू शकेल. बसली नाही तर पुढच्या खेपेचा मेहुणा आहेच.

तोवर बाबांनी काय करायचं? दोन गोष्टी सुचवते, दोन्ही स्वस्त.

पहिली, त्यांना नगरला घेऊन जा. आता आपण अहिल्यानगर म्हणतो, ते म्हणणार नाहीत. 1994 साली सुरू झालेलं तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम मुंबईपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे, मुलीला शनिवार-रविवारची सुट्टी पाहून जाता येईल. बाबांच्या नोकरीचं गाव, आणि समोर खरे रणगाडे. सेंच्युरियनचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, विशेषतः बोगी, मागची जाळी आणि टरेटवरच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजावरच्या, पेट्या. परदेशी किटच्या डब्यात आपल्या रेजिमेंटच्या खुणा बहुधा नसतात, त्या हाताने रंगवाव्या लागतात, तेव्हा हे फोटो उपयोगी पडतील. पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटच्या खुणा रंगवायचं बाबांच्या मनात असेल तर नवल नाही. 1965 मध्ये लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर आणि 1971 मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, दोघंही त्याच रेजिमेंटचे, दोघंही सेंच्युरियन घेऊन लढताना गेले, दोघांना परमवीर चक्र. तारापोर जन्माने मुंबईचे, खेतरपाल पुण्याचे. खेतरपालांच्या रणगाड्याचं नाव ‘फामागुस्ता’ होतं. बाबांना विचारा, त्यांनी दुरुस्त केलेल्या रणगाड्यांना काय नावं होती. तुमच्या मॉडेलवर त्यातलं एक लिहायला हवं.

दुसरी, एकास सोळाचाच एक वापरलेला, चालू किंवा बंद पडलेला रणगाडा शोधा. हेंग लाँगसारख्या चिनी कंपन्यांचे तयार रणगाडे ट्रान्समीटर आणि बॅटरीसकट येतात आणि नवे असतानाही जपानी किटच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास पडतात, जुने त्याहून कमी. टी-72 मिळाला तर उत्तम, भारतीय लष्करात तो 1970 च्या दशकाच्या शेवटापासून आहे, बाबांना तो नक्की ओळखीचा असेल. बंद पडलेला मिळाला तर आणखी चांगलं. तो टेबलावर ठेवा, खाली पांढरं सुती कापड पसरा म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो, डाव्या बाजूने दिवा द्या, भिंगाचा स्टँड घ्या. आणि मग तुम्ही हात मागे घ्या. बाबा सांगतील तसं तुम्ही धरायचं, उघडायचं त्यांनी. घेताना एवढं पाहा की प्लास्टिकच्या गोळ्या उडवणारी तोफ नको, इन्फ्रारेडवर नेम धरणारी चालेल. वन बीएचकेत आणि सोसायटीच्या मुलांमध्ये सहा मिलिमीटरची गोळी डोळ्याला लागू शकते.

पावसाळ्यात रंगाचा स्प्रे मारू नका. मुंबईच्या दमट हवेत लॅकर वाळताना पांढरा पडतो, साय धरल्यासारखा, आणि मग घासून काढावा लागतो. जून ते सप्टेंबर यंत्राचं काम करा, रंग ऑक्टोबरच्या उन्हात. चालवायला सोसायटीची गच्ची घ्या. मुलीला किंवा भाच्यांना जुहूच्या वाळूत न्यायचा मोह होईल, तिथे नेऊ नका. बारीक वाळू आणि खारं पाणी गिअरबॉक्समध्ये गेलं की दात खराब झालेच. माळ्यावर ठेवू नका, तिथल्या उन्हाळ्यातल्या उष्णतेने प्लास्टिक वाकतं. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका, आणि लिथियमची असेल तर चार्ज होईपर्यंत घरातलं कोणीतरी जवळ असू द्या.

दुकानदाराला शनिवारीच फोन करा. रविवारची वाट पाहू नका, म्हणजे ती जागा त्याला दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येईल. त्याला हेही विचारा की त्याच्याकडे दुरुस्तीला आलेला आणि कोणी परत न्यायला न आलेला एखादा एकास सोळाचा रणगाडा पडून आहे का. अशा दुकानांच्या मागच्या खोलीत तो बहुतेक असतो. मिळाला तर पक्कं बिल घ्या, आणि येताना ग्रीसची एक छोटी ट्यूब. कोणतं ग्रीस ते बाबांना विचारून जा.

— ताई